रात्री दोन ते सकाळी आठ

सिल्वासाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर वापी गाठावी लागते. तिथे सकाळची फ्लाइंग राणी धरली की मुंबई सेंट्रल, आणि मुंबई सेंट्रलपासून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याइतका जवळ. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेला हा रस्ता कित्येक वर्षं संगणकवाल्यांची पंढरी होता. रॅम, माउस, कॅबिनेट, केबलींची भेंडोळी आणि फुटपाथवर प्लास्टिकच्या पाकिटांत मांडलेल्या गेमच्या सीड्या. अस्सल खोकं दुकानात मिळे, पण त्याची किंमत ऐकली की बहुतेकांचा हात फुटपाथकडे वळे. संध्याकाळी तीच गाडी परत वापीला. सिल्वासात करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागून देशभरची कुटुंबं आली. २०११च्या जनगणनेत सिल्वासाची लोकसंख्या ९८ हजारांवर गेली. तरीही नवा कॉम्प्युटर गेम इथे येण्याची रीत बराच काळ एकच होती: कुणीतरी मुंबईला जाणार आणि येताना घेऊन येणार.

दुसरी वाट मासिकाची. मुंबईतून निघणाऱ्या ‘डिजिट’च्या अंकाबरोबर सीडी येई, पुढे डीव्हीडी. तिच्यात गेमचे डेमो असत, आणि त्याहून मोलाचे म्हणजे पॅच असत. विकून झालेल्या गेममध्ये चूक सापडली की कंपनी दुरुस्तीची छोटी फाइल काढते, तिला पॅच म्हणतात. मोडेमची शिट्टी वाजवत तासाच्या हिशोबाने इंटरनेट वापरणाऱ्या घराला पन्नास एमबीचा पॅच उतरवणं परवडत नसे. म्हणून लोक महिनाभर अंकाची वाट पाहत.

आज जगातलं सर्वांत मोठं संगणकी खेळांचं दुकान असलेलं ‘स्टीम’ याच पॅचच्या अडचणीतून जन्माला आलं. दुकान काढायचं हा मूळ बेत नव्हताच.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ साली काढली. १९९८मध्ये तिचा ‘हाफ-लाइफ’ आला, त्यावर बेतलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ आला आणि हजारो लोक एकाच वेळी एकमेकांशी ऑनलाइन खेळू लागले. इथे अडचण सुरू झाली. नवा पॅच निघाला की काहींकडे तो असे, काहींकडे नसे. दोघांना एकमेकांशी खेळता येत नसे, आणि खेळ काही दिवस विस्कळित होई. सगळ्यांच्या संगणकावर दुरुस्ती आपोआप पोहोचवणारी व्यवस्था हवी होती. व्हॉल्व्हने मार्च २००२मध्ये ती जाहीर केली आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू केली. दुरुस्ती ज्या नळातून येते त्याच नळातून आख्खा गेमही येऊ शकतो, हे तिच्या कर्त्यांना तोवर उमगलं होतं.

कल्पना मात्र जुनी होती. १९८३ साली अमेरिकेत ‘गेमलाइन’ नावाची सेवा निघाली होती. अटारी यंत्रात मोडेमवालं कार्ट्रिज बसवायचं, ते टेलिफोनच्या तारेला जोडायचं आणि थोडक्या पैशांत गेम उतरवून मोजक्या वेळा खेळायचा. ती लवकरच बुडाली, पण तिच्या अवशेषांतून उभी राहिलेली कंपनी पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ म्हणून जगाला माहीत झाली. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला गेला तेव्हा उतरवून घेणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की यंत्रणाच कोलमडली. पहिला भाग फुकट, पुढचे हवे असतील तर पैसे पाठवून मागवा, असा तो शेअरवेअरचा व्यवहार होता. माल तारेवरून जाऊ शकतो हे सिद्ध झालं होतं. पैसा, पॅच आणि माल एकाच जागी आणणारं कोणी नव्हतं.

स्टीमची सुरुवात गोड नव्हती. सर्व्हर तुंबत, प्रोग्राम अडकत राही, खेळाडू चिडत. २००४च्या जुलैत व्हॉल्व्हने ऑनलाइन खेळाची जुनी व्यवस्था बंद केली, म्हणजे काउंटर-स्ट्राइक खेळायचा तर स्टीमशिवाय गत्यंतर उरलं नाही. मग १६ नोव्हेंबर २००४ला ‘हाफ-लाइफ २’ आला. दुकानातून खोकं विकत घेतलेल्यालाही आधी इंटरनेटवर जाऊन स्टीममध्ये नोंद करणं भाग होतं. आपल्या पैशांनी आणलेली वस्तू उघडायला दुसऱ्याची परवानगी का घ्यायची, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. तो प्रश्न अजून संपलेला नाही.

त्याच सुमारास एक खटलाही चालू होता, आणि भारतातल्या वाचकाला तो जवळचा वाटावा असा आहे. व्हॉल्व्हचे गेम खोक्यांतून विकणाऱ्या व्हिवेंडीशी तिचा वाद होता, आणि वादाचा एक मुद्दा सायबर कॅफे हा होता. कॅफेंना गेम पुरवण्याचा हक्क कोणाचा? व्हॉल्व्हची बाजू छोटी आणि तिजोरी आटत चाललेली. समोरून आलेल्या कागदांच्या ढिगाऱ्यात बरेच कागद कोरियन भाषेत होते. कंपनीत उमेदवारी करणाऱ्या एका कोरियन जाणणाऱ्या विद्यार्थ्याने ते वाचले आणि पुरावे नष्ट करण्याबद्दलचा उल्लेख शोधून काढला. खटल्याचं पारडं फिरलं. २००५मध्ये तडजोड झाली आणि व्हॉल्व्ह त्या वितरकापासून मोकळी झाली. भारतात त्याच वर्षांत काउंटर-स्ट्राइक कॅफेंतल्या लॅनवर तुफान चालत होता आणि बहुतेक ठिकाणी त्याची प्रत कोणाच्याच परवानगीची नव्हती.

भारतात ही सगळी हालचाल पोहोचायला तारच जाड नव्हती. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आलं. सिल्वासा ज्या दादरा-नगर हवेलीत आहे तिचं उच्च न्यायालय मुंबईत, पण टेलिफोन गुजरात सर्कलचा. वापी आणि सिल्वासाचा एसटीडी कोडही एकच, ०२६०. डेटावनच्या योजनांत एक कलम होतं, जे त्या पिढीच्या खेळाडूंना आजही तोंडपाठ आहे: रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड. दिवसा महिन्याला मोजून एक-दोन जीबी, त्यापुढे प्रत्येक एमबीला पैसे; रात्री मात्र हवं तेवढं.

त्यामुळे दोनचा गजर लावायचा, अंधारात उठायचं, मॉनिटरचा उजेड घरच्यांच्या डोळ्यांवर जाणार नाही अशा बेताने डाउनलोड सुरू करायचं आणि आठच्या आत बंद करायचं, हा रिवाज पडला. एखाद्या दिवशी डोळा लागून राहिला तर बिल बोलायचं. २५६ केबीपीएसने सहा तासांत सुमारे ६९० एमबी उतरतात, म्हणजे बरोबर एक सीडी. साडेचार जीबीच्या गेमला आठवडा. वेग दोन एमबीपीएस झाला तेव्हा एका रात्रीत पाचेक जीबी येऊ लागले, पण तोवर गेमही फुगले होते. एप्रिल २०१५मध्ये संगणकावर आलेला ‘जीटीए ५’ खोक्यात सात डीव्हीड्यांवर येत असे. दोन एमबीपीएसवर त्याला बारा रात्री लागल्या असत्या.

या हिशोबात गंमत वाटली तरी त्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. आठवडाभर लागो की बारा रात्री, गेम सिल्वासाच्या घरात त्याच दिवशी विकायला ठेवला होता ज्या दिवशी तो सिॲटलमध्ये होता. मुंबईला जाणारं कोणी शोधायची गरज नव्हती. किती वितरक आपल्या गावाकडे वळतील, किती खोकी मागवतील, याला अर्थ उरला नाही. स्टीमबद्दल लिहिणारे बहुधा त्याच्या सेलबद्दल लिहितात. पण रेल्वे नसलेल्या गावांसाठी त्याचं सर्वांत मोठं काम हे अंतर पुसण्याचं होतं.

सेलचं कौतुकही खोटं नाही. ऑक्टोबर २००५मध्ये स्टीमवर पहिल्यांदा बाहेरच्या निर्मात्याचा गेम आला, मार्क हीली यांचा ‘रॅग डॉल कुंग फू’, आणि त्याच डिसेंबरात ‘डार्विनिया’. मग मोठे प्रकाशक आले. न्यूवेल यांनी २००९मध्ये सांगितलं की ‘लेफ्ट ४ डेड’ची किंमत एका शनिवार-रविवारी निम्मी केली तेव्हा विक्री ३,००० टक्क्यांनी उसळली. खोक्याच्या धंद्यात हे शक्य नव्हतं, कारण छापलेली खोकी संपतात. तारेवरचा माल संपत नाही, म्हणून किंमत उतरवण्याला तळ राहत नाही. त्या काळात ‘मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९), ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०), ‘स्कायरिम’ (२०११) यांच्या खोक्यांतही स्टीमची ‘की’, म्हणजे गेम उघडणारा कोड, असे. अनेक भारतीय मुलांची स्टीमशी पहिली ओळख अशीच झाली: वडिलांनी वाढदिवसाला अस्सल डीव्हीडी आणली, आणि ती इंटरनेटशिवाय उघडेना.

स्टीम एकटं नव्हतं, आणि बाकीच्यांचं काय झालं हे पाहिलं की त्याच्या टिकण्याचं मोल कळतं. ‘ट्रायटन’ नावाची सेवा २००६मध्ये ‘प्रे’ हा गेम विकत असतानाच बंद पडली. शेवटी ग्राहकांकडे खोकी पोस्टाने पाठवावी लागली. ‘इम्पल्स’ २००८मध्ये निघालं, २०११मध्ये विकलं गेलं, २०१४मध्ये मिटलं. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने काढलेला ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’चा बाजार २०१३मध्ये बंद झाला. ‘देसुरा’ गेलं. गुगलचं ‘स्टेडिया’ जानेवारी २०२३मध्ये बंद झालं, तेव्हा गुगलने घेतलेले पैसे परत केले. तेवढं औदार्य सगळ्यांना परवडत नाही. मुंबईतही प्रयत्न झाले होते. विशाल गोंडल यांच्या ‘इंडियागेम्स’ने ब्रॉडबँड कंपन्यांशी हात मिळवून ‘गेम्स ऑन डिमांड’ चालवलं, रिलायन्सच्या ‘झपाक’ने ऑनलाइन खेळांचा मोठा गाजावाजा केला, ‘गेम्स द शॉप’ हे दुकान खोक्यांबरोबर ‘की’ही विकू लागलं. त्यांनी त्या काळी ग्राहक घडवला. पण जगभरच्या निर्मात्यांचा माल एका छताखाली आणण्याचं बळ त्यांच्यापाशी नव्हतं.

भारतीय ग्राहकाची दुसरी अडचण पैसे भरण्याची होती. स्टीम डॉलरमध्ये विकत असे. घरात एखादंच क्रेडिट कार्ड, तेही वडिलांच्या नावाचं, आणि परदेशी व्यवहाराची धास्ती. नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीमने रुपयात किमती दाखवायला सुरुवात केली आणि नेट बँकिंगसारखे इथले मार्ग उघडले. पुढे यूपीआय आलं, आणि शंभर रुपयांखालचा गेम घेणं रिचार्ज करण्याइतकं सोपं झालं. अनेक निर्मात्यांनी भारतासाठी वेगळ्या, कमी किमती ठेवल्या. फुटपाथवरची सीडी मागे पडण्यात पोलिसांच्या धाडींपेक्षा या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे. न्यूवेल स्वतः हे अनेकदा सांगत आले आहेत की चोरीच्या प्रती मुख्यतः वाईट सेवेमुळे फोफावतात. भारतात ते खरं ठरलं.

अलीकडे मोठ्या प्रकाशकांनी ती सवलत काढून घ्यायला सुरुवात केली आहे. नव्या बड्या गेमची रुपयातली किंमत आता डॉलरच्या सरळ रूपांतराच्या जवळ जाते, आणि महिन्याच्या पगारात बसेनाशी होते. त्यात कर आहेच. परदेशी कंपन्यांनी विकलेल्या डिजिटल मालावर डिसेंबर २०१६पासून सेवा कर आणि जुलै २०१७पासून १८ टक्के जीएसटी लागू झाला. समजा गेम करासह १,१८० रुपयांना आहे. १८० सरकारकडे. उरलेल्या हजारातले ३०० स्टीमचे आणि ७०० निर्मात्याचे.

या तीनशेवर जगभर वाद चालू आहे. ऑक्टोबर २०१८पासूनच्या कमाईवर स्टीमने हिस्सा थोडा उतरवला, पण फक्त बड्यांसाठी: एका गेमची कमाई एक कोटी डॉलरपुढे गेली की २५ टक्के, पाच कोटींपुढे गेली की २०. छोट्याला ३०च. त्याच डिसेंबरात ‘एपिक’ने १२ टक्के हिश्श्याचं दुकान उघडलं आणि ग्राहक यावेत म्हणून गेम फुकट वाटायला सुरुवात केली. फुकट घ्यायला लोक एपिककडे गेले, विकत घ्यायला स्टीमकडे परत आले. मार्च २०२०मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, स्टीमवर एकाच वेळी दोन कोटी लोक होते. मार्च २०२५मध्ये चार कोटी. छोट्याकडून जास्त आणि मोठ्याकडून कमी घेणारा हा दर अन्याय्य आहे, आणि तो बदलावा असा दबाव आणण्याइतका तगडा स्पर्धक अजून उभा राहिलेला नाही.

छोटा निर्माता म्हणजे कोण, हे पाहायला पुण्याला यावं लागतं. पुण्यात गेमचं काम नवं नाही. फ्रान्सच्या युबिसॉफ्टचा स्टुडिओ तिथे २००८पासून आहे. पण तिथल्या मुलांनी बराच काळ दुसऱ्यांच्या गेमचे तुकडे रंगवले, तपासले, जोडले. स्वतःचा गेम करण्यासाठी अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ काढली. २०१७मध्ये त्यांनी ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’साठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि नियमाप्रमाणे जमलेलंही परत गेलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही. जत्रेत कसरती करणारी राजी नावाची मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारी गोष्ट, लघुचित्रांच्या वळणाची रंगसंगती, आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. १८ ऑगस्ट २०२०ला गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला, १५ ऑक्टोबरला स्टीमवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांत तो होता.

खोक्यांच्या काळात या गेमचं काय झालं असतं, हा प्रश्न रास्त आहे. पुण्यातल्या मूठभर लोकांनी केलेल्या गेमच्या लाखभर डीव्हीड्या कोणी छापल्या असत्या, कोणत्या वितरकाने त्या अमेरिकेच्या दुकानांत ठेवल्या असत्या? डाउनलोडच्या दुकानाने ही भिंत पाडली. आधी ‘ग्रीनलाइट’ होतं, ऑगस्ट २०१२पासून. त्यात खेळाडूंच्या मतांवर गेमला प्रवेश मिळे. जून २०१७पासून ‘डायरेक्ट’ आलं: शंभर डॉलर भरा, कागदपत्रं द्या, गेम ठेवा. त्याच वर्षी हैदराबादच्या ‘ओग्रे हेड स्टुडिओ’चा ‘असुरा’ आला. मुंबईच्या ‘गेमिऑन’ने निखिल मालणकर यांच्या नेतृत्वाखाली ‘मुंबई गलीज’ जाहीर केला, त्यात मुंबईचे रस्ते आहेत.

दार उघडल्यावर गर्दीही आली. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. रोज पन्नास. यातला आपला गेम कोणाच्या नजरेस पडावा यासाठी निर्माते महिनोन् महिने ‘विशलिस्ट’ जमवत बसतात, कारण किती लोकांनी आधीच खूण करून ठेवली आहे यावर दुकान तुम्हाला दर्शनी भागात ठेवायचं की नाही हे ठरवतं. पूर्वी फळीवर जागा मिळत नसे. आता जागा सगळ्यांना आहे, पण फळी संपतच नाही.

आणि दुकानदार फळीवरून उचलूही शकतो. जुलै २०२५मध्ये पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली स्टीमने आणि ‘इच’ या छोट्या निर्मात्यांच्या आवडत्या दुकानाने प्रौढांसाठीचे कित्येक गेम रातोरात हटवले किंवा शोधात दिसेनासे केले. ते गेम कसे होते हा वेगळा विषय; निर्णय कोणी घेतला, हे लक्षात राहण्यासारखं आहे.

हे बोलताना आपल्याकडची एक गल्लत दूर करायला हवी. ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की मराठी घरांत आधी रमी आणि पैजा डोळ्यांसमोर येतात. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. विकत घेऊन खेळायचा गेम ही निराळी वस्तू आहे. तिची जात पुस्तकाची किंवा चित्रपटाची आहे. त्या कायद्यानेही ही सीमारेषा आखली. ज्या निर्मात्यांना ‘आम्ही जुगार करत नाही’ हे घरच्यांना पटवत बसावं लागतं, त्यांच्यासाठी तेवढंही थोडं नाही.

आता त्या २००४च्या प्रश्नाकडे. विकत घेतलेला गेम कोणाचा?

सीडी होती तेव्हा उत्तर सोपं होतं. ती मित्राला देता येई, विकता येई, धाकट्या भावाकडे जाई. स्टीमवरचा गेम दुसऱ्याला विकता येत नाही. खातं मृत्युपत्राने वारसाला देता येत नाही, असं स्टीमच्या मदत कक्षाने २०२४मध्ये एका ग्राहकाला स्पष्ट कळवलं. वडिलांच्या कपाटातली पुस्तकं मुलाकडे येतात. वडिलांचे दोनशे गेम येत नाहीत. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम सगळ्यांसाठी निर्जीव झाला. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४मध्ये कायदा केला: मिळणार असेल परवाना, तर ‘विकत घ्या’ म्हणताना तसं स्पष्ट सांगा. त्यानंतर स्टीमच्या खरेदीच्या पानावर एक ओळ उमटली, की इथे तुम्ही गेमचा परवाना घेत आहात. वीस वर्षं जे बारीक अक्षरांत होतं ते दर्शनी आलं. परताव्याचंही असंच झालं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४मध्ये व्हॉल्व्हवर खटला भरला, कंपनीला पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. आणि खटला चालू असतानाच जून २०१५पासून चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करण्याची सोय जगभर झाली. सिल्वासातल्या ग्राहकाला आज मिळणारा परतावा हा असा दूरच्या लढायांच्या सावलीत आलेला आहे. भारतात या प्रश्नावर ग्राहक चळवळीने अजून जोर लावलेला नाही. लावायला हवा.

मालकीचं दुसरं उत्तर वॉर्सामधून आलं. तिथे नव्वदीच्या दशकात लॅमिंग्टन रोडसारखाच संगणकबाजार भरे, आणि तिथे सीड्या विकणाऱ्या मार्चिन इविन्स्की आणि मिखाव किचिन्स्की या दोन तरुणांनी १९९४मध्ये ‘सीडी प्रोयेक्त’ काढली. चोरीच्या प्रती समोर मांडलेल्या असताना अस्सल कशी विकायची? १९९९मध्ये त्यांनी ‘बॅल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला. सगळा मजकूर भाषांतरित, संवाद नामवंत पोलिश नटांच्या आवाजात, खोकं भरगच्च. पहिल्याच दिवशी सुमारे १८ हजार प्रती गेल्या. फुटपाथवाला त्या भाषेशी स्पर्धा करू शकत नव्हता. याच कंपनीने २००८मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’, म्हणजे आजचं ‘गॉग’, सुरू केलं. ‘फॉलआउट’सारखे जुने गेम आजच्या संगणकावर चालतील असे दुरुस्त करायचे आणि कुलूप न लावता विकायचे. फाइल उतरवा, हार्ड डिस्कवर ठेवा, इंटरनेट नसताना बसवा. दुकान उद्या मिटलं तरी गेम तुमच्याकडे. नोव्हेंबर २०२४मध्ये गॉगने जुने गेम चालते ठेवण्याचा उपक्रमच जाहीर केला. स्टीमपुढे ते लहान आहे, पण हा व्यवहार ग्राहकाला अधिक मान देणारा आहे.

वॉर्साच्या त्या पोलिश खोक्याची मराठीत उणीव भासते. स्टीमच्या स्वतःच्या पाट्या तीसच्या आसपास भाषांत आहेत, त्यांत एकही भारतीय भाषा नाही. पुण्यात तयार झालेली ‘राजी’सुद्धा आधी इंग्रजीत बोलली, हिंदी आवाज २०२२च्या नव्या आवृत्तीत आले. मराठी नाही. यात दोष एका स्टुडिओचा नाही. किकस्टार्टरवर रक्कम न जमलेल्या माणसांना भाषांतराचा आणि नटांचा खर्च कुठून परवडावा? ज्या महाराष्ट्रात नाटकाचे एवढे कसदार आवाज आहेत, बालवाङ्मयाची एवढी परंपरा आहे, तिथे कोणत्याही प्रकाशनसंस्थेने, नाट्यसंस्थेने किंवा सरकारी भाषाखात्याने या दालनाकडे गंभीरपणे पाहिलेलं नाही, ही खंत मोठी आहे. २०२३मध्ये स्टीमने निर्मात्यांना गेमच्या पानावर नोंदवता येणाऱ्या भाषांची यादी वाढवून शंभरापुढे नेली. त्या यादीत मराठी आहे, कोकणीही आहे. चौकट तयार आहे, खूण करणारे थोडे.

सिल्वासात आता रात्री दोनचा गजर लागत नाही. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर जीटीएच्या त्या सात डीव्हीड्या दीड तासात उतरतात. शेजारी गुजराती, वर्गात हिंदी, पाड्यावर वारली आणि घरी मराठी बोलणारी मुलगी संध्याकाळी नवा गेम उघडते. पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी येते. मुलगी वरपासून खालपर्यंत जाते, पोलिश ओलांडते, तुर्की ओलांडते, पुन्हा वर येते आणि इंग्रजीवर क्लिक करते.